सेकंडहँड आलिशान गाडी : किंमत जुनी, खर्च नवा

वीस-बावीस लाख रुपये हाताशी आहेत आणि गाडी घ्यायची आहे, अशा माणसापुढे सध्या दोन वाटा असतात. एका वाटेवर मधल्या आकाराची कोरी एसयूव्ही, वरच्या व्हेरियंटमधली, सनरूफसकट. दुसऱ्या वाटेवर सहा-सात वर्षे वापरलेली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी, जी पहिल्या मालकाला ऑन-रोड पासष्ट लाखांना पडली होती. दुसऱ्या वाटेवरचा डीलर हमखास एक वाक्य ऐकवतो : ‘साहेब, घसारा आधीच्या मालकाने सोसला, तुम्ही आता फक्त चालवायची.’ या वाक्यातला पहिला भाग खरा आहे. घसारा गाडीच्या किमतीला लागतो. तिच्या सुट्या भागांना, वर्कशॉपच्या मजुरीला, टायरला किंवा अपघातानंतरच्या बिलाला तो लागत नाही. वीस लाखांची म्हणून घेतलेली गाडी लिफ्टवर चढली की पुन्हा पासष्ट लाखांची होते. म्हणून अशी गाडी घ्यावी की नाही हे मागितलेल्या किमतीवरून ठरवू नये. नवी असताना ती कितीची होती आणि त्या किमतीची गाडी आपण आज पोसू शकतो का, यावरून ठरवावे, असे माझे मत आहे. पुढचा सगळा हिशेब त्यासाठीच मांडला आहे.

आधी किंमत एवढी का पडते ते पाहू, कारण ‘पासष्टची वीसमध्ये’ हा आकडाच मुळात थोडा फुगवलेला असतो. जीएसटी आल्यापासून सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या गाड्यांवर २८ टक्के कर आणि त्यावर बराच काळ २० ते २२ टक्के सेस होता. त्यानंतर महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेल गाडीला १५ टक्के रस्ता कर. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सरसकट २० टक्के. म्हणजे ऑन-रोड पासष्ट लाखांतले चाळीस टक्क्यांच्या आसपास पैसे सरकारजमा झाले होते, त्यातून लोखंडाचा एक खिळाही आलेला नव्हता. हे पैसे जुन्या बाजारात बुडणारच. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि या गाड्यांवर सरळ ४० टक्के जीएसटी लागू झाला. नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. तेव्हा विकणारा जुन्या बिलावर बोट ठेवून सवलत सांगू लागला, तर त्याच दर्जाच्या नव्या गाडीची आजची किंमत शोरूमकडून मागवा आणि तुलना तिच्याशी करा. दुसरे कारण हिशेबाच्या वहीतले आहे. अशा गाड्यांपैकी पुष्कळ व्यवसायाच्या नावावर घेतल्या जातात, आयकरात त्यांच्यावर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, आणि तीन-चार वर्षांनी मालक नव्या मॉडेलकडे वळतो. कंपनीची मूळ हमी साधारण दोन-तीन वर्षांची. ती संपली, वाढीव हमीही संपत आली, पहिले मोठे काम पुढच्या सर्व्हिसला निघणार हे सल्लागाराने कानावर घातले, की गाडी बाजारात येते. प्रत्येक विक्रीमागे हेच असते असे नाही, पण खरेदीदाराने हे गृहीत धरूनच पुढे जावे.

आता ‘मोठे काम’ म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. एअर सस्पेन्शनचे घ्या. लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवेच्या पिशव्या आणि त्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर असतो. रबराला वयाने भेगा पडतात, हवा सावकाश झिरपते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो आणि शेवटी तोही जळतो. पिशवी वेळीच बदलली तर एका चाकाचा खर्च. दुर्लक्ष केले तर कॉम्प्रेसरसकट. म्हणून अशी गाडी पाहायला सकाळी जावे, रात्रभर उभी असताना, सुरू करण्याआधी. एक कोपरा खाली बसलेला दिसला तर बाकीचे बोलणे पुढे ढकलावे. गिअरबॉक्सचेही तसेच. झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बीएमडब्ल्यूपासून लँड रोव्हरपर्यंत अनेकांनी वापरला आहे आणि तो दणकट आहे. गाडीच्या कंपन्या त्यातले तेल आयुष्यभराचे असल्याचे सांगत आल्या; गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदलायला सांगते. या गिअरबॉक्सच्या बहुतेक प्रकारांत तेलाचा फिल्टर तळाच्या प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे फिल्टर बदलायचा तर अख्खा पॅन बदलावा लागतो. पहिल्या मालकाने हे काम केलेले नसते, कारण ते त्याला करायचेच नव्हते. ९०,००० किलोमीटर झालेली गाडी दुसऱ्या मालकाकडे येते आणि ते बिल त्याच्या नावाने फाटते. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ या डिझेल इंजिनात टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन कुरकुरू लागली तर भागाची किंमत बाजूलाच राहते, तिथवर पोचण्यासाठी लागणारी मजुरीच डोळे पांढरे करते. पुष्कळ बीएमडब्ल्यूंना रन-फ्लॅट टायर असतात. स्टेपनी नसते, आणि आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्याने टायरची बाजू कापली गेली तर पंक्चरवाल्याचा काही उपयोग नसतो. एलईडी हेडलाइटचा एक संच लाखाच्या पुढे जातो, हे तर आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे.

पण माझ्या मुद्द्याचा सगळ्यात भक्कम पुरावा गॅरेजमध्ये सापडत नाही, तो विम्याच्या पॉलिसीत सापडतो. विमा कंपनी गाडीची किंमत वयाप्रमाणे उतरवते : चार ते पाच वर्षांच्या गाडीला नव्या किमतीत ५० टक्के घट, आणि पाच वर्षांनंतर दोघांच्या संमतीने ठरेल तो आकडा. समजा सात वर्षांच्या आपल्या गाडीचा विमा वीस लाखांचा आहे. दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे पंधरा लाखांवर गेला, की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. समोरून बसलेल्या एका धक्क्यात बंपर, बॉनेट, दोन हेडलाइट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर, समोरचे सेन्सर आणि उघडलेल्या एअरबॅग एवढे सगळे मोजले तर आकडा त्या दिशेला जायला वेळ लागत नाही. कारण भाग नव्या भावाने मोजले जातात आणि विमा जुन्या भावाने. वीस लाखांच्या नव्या एसयूव्हीला अगदी तसाच धक्का बसला तर ती दुरुस्त होऊन घरी येते. त्याखालच्या नुकसानीतही आपला वाटा असतोच. झिरो-डेप नसलेल्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरीच्या किमतीतला निम्मा भाग मालकाचा; पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के मालकाचे. झिरो-डेप बहुतेक कंपन्या साधारण पाच वर्षांपर्यंत देतात, काही त्यापुढे थोडी वर्षे. म्हणजे गाडी ज्या वयात दुसऱ्या हातात जाते, त्याच वयात हे छत्र डोक्यावरून निघते. पावसाळ्यात मुंबईच्या मिलन सबवेसारख्या तुंबलेल्या पाण्यात गाडी घातली आणि इंजिनाने पाणी ओढले, तर साध्या पॉलिसीत ते नुकसान मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळे घ्यावे लागते, आणि जुन्या गाडीला ते मिळेलच असे नाही. तेव्हा गाडी पसंत पडल्यावर तिचा नंबर देऊन विम्याचे कोटेशन आधी मागवा. झिरो-डेप आणि इंजिन प्रोटेक्शन मिळते का आणि किती रकमेला, हे एका फोनवर कळते. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, हेही हिशेबात धरा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : शोरूमला जायचेच कशाला? पुण्या-मुंबईत फक्त जर्मन गाड्यांचे काम करणारी चांगली स्वतंत्र गॅरेजे आहेत, मुंबईत कुर्ल्याचा आणि दिल्लीत मायापुरीचा जुन्या भागांचा बाजार आहे. हा आक्षेप मला बऱ्याच अंशी मान्य आहे. सस्पेन्शनचे बुश, ब्रेक पॅड, वॉटर पंप, सेन्सर असे भाग मूळ उत्पादकाच्या डब्यात, गाडीच्या कंपनीचा शिक्का नसलेले, पुष्कळ स्वस्त मिळतात. जाणता मेकॅनिक जिथे शोरूम अख्खी असेंब्ली बदलते तिथे एखादे सील बदलून काम भागवतो. ज्याच्या गावात असा माणूस आहे त्याचा खर्च खरोखर खाली येतो. पण याला दोन मर्यादा आहेत. एक, या गाड्यांतली कित्येक इलेक्ट्रॉनिक युनिटे गाडीच्या चॅसिस नंबरशी कोडने बांधलेली असतात. भंगारातून आणलेले युनिट बसवले तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय ते चालत नाही. दोन, असे गॅरेज लातूर, चंद्रपूर किंवा सावंतवाडीत मिळेलच असे नाही. गाडी टोइंग करून पुण्याला न्यायची असेल तर बचतीतला मोठा वाटा वाटेतच संपतो. मर्सिडीज चाकणला आणि ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला तयार होते, मग भाग स्वस्त का नाहीत, असेही विचारले जाते. इथे होते ती मुख्यतः जोडणी. महत्त्वाचे भाग परदेशातून येतात, त्यामुळे त्यांचा भाव युरो आणि आयात शुल्क ठरवते.

‘मी गाडी फारशी चालवणारच नाही, रविवारी आणि लग्नकार्याला काढेन’ असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांना वाटते, वापर कमी म्हणजे खर्च कमी. या गाड्यांच्या बाबतीत हे उलट पडते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत, आणि त्याआधीच्या काही गाड्यांतही, एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो, पण त्यासाठी गाडी हायवेवर सलग, चांगल्या वेगाने चालावी लागते. कोथरूड ते डेक्कन आणि परत, एवढ्या फेऱ्यांत तो तुंबत जातो. उभ्या गाडीची बॅटरी बसते, रबर कडक होते, टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ‘फक्त २८,००० किलोमीटर’ असे सांगितलेल्या आठ वर्षांच्या गाडीवर मूळचेच टायर असतील, तर चारही टायरचे पैसे किमतीतून वजा करा. पेट्रोलचाही एक प्रश्न आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि जुन्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. जी गाडी घ्यायची तिच्या मॅन्युअलमध्ये किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत काय मर्यादा दिली आहे, ते वाचून घ्या.

सुरक्षिततेचा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुनी मर्सिडीज नव्या स्वस्त गाडीपेक्षा कधीही भक्कम, असे म्हणतात. दहा वर्षांपूर्वी यावर वाद घालणे अवघड होते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचण्या सुरू झाल्या आणि आता वीस लाखांच्या आतल्या कित्येक देशी गाड्यांना पाच तारे आहेत, सहा एअरबॅग आहेत. मोठ्या गाडीचे वजन आणि सांगाडा यांचा फायदा आजही आहे. मात्र तो फायदा एअरबॅग, सेन्सर आणि ब्रेक मूळ अवस्थेत असतील तरच. आणि अपघातानंतर स्वस्तात उभ्या केलेल्या गाडीत नेमकी हीच बचत झालेली असते. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगमुळे जगभर ज्या गाड्या परत बोलावल्या गेल्या त्यांत जर्मन ब्रँडही होते. चॅसिस नंबर देऊन, रिकॉलचे काम झाले आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारता येते.

मग घ्यावी कोणी? माझा अडाखा असा आहे, आणि तो जाणूनबुजून कडक ठेवला आहे. इंधन सोडून देखभाल, टायर, विमा आणि अधूनमधून निघणारे मोठे काम यांसाठी दरवर्षी मूळ किमतीच्या तीन ते चार टक्के धरावेत. पासष्ट लाखांच्या गाडीला हे दोन ते अडीच लाख होतात, म्हणजे महिन्याला सतरा ते एकवीस हजार. सगळी वर्षे सारखी जाणार नाहीत. एक वर्ष पन्नास हजारांत निघेल आणि पुढच्या वर्षी चार लाख लागतील. म्हणून खरेदीसाठी हाताशी असलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा पहिल्या दिवसापासून वेगळा, हात न लावता ठेवलेला असावा. वीस लाख असतील तर गाडी सोळा लाखांची पाहा. कर्ज काढून घेणाऱ्याने आणखी जपावे. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो. चौदा लाख, बारा टक्के दराने, चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३७,००० बसतो. त्यात वरचे वीस हजार मिळवा, आणि अजून डिझेल भरलेले नाही. चार वर्षांत व्याजापोटी साधारण पावणेचार लाख जातात, आणि शेवटी हातात अकरा वर्षांची गाडी राहते, जिला गिऱ्हाईक शोधताना नाकी नऊ येतात. हा हिशेब करूनही ज्याची झोप उडत नाही, ज्याच्या शहरात चांगले गॅरेज आहे आणि ज्याच्या घरी रोजच्या धावपळीसाठी दुसरी गाडी आहे, त्याने बेलाशक घ्यावी. जर्मन गाडीचे स्टिअरिंग, दार बंद होतानाचा दबका आवाज, शंभरच्या वेगातली शांतता यांचा आनंद खरा आहे. त्यासाठी पैसे मोजण्यात गैर काही नाही, फक्त ते किती मोजतोय हे ठाऊक हवे. घरात एकच गाडी असेल तर मात्र माझे मत विरुद्ध पडेल. भाग येईपर्यंत गाडी तीन आठवडे गॅरेजात उभी राहिली, तर मुलांची शाळा आणि आईवडिलांचा दवाखाना थांबत नाही.

ज्यांचे उत्तर ‘घ्यायची’ असे आले त्यांच्यासाठी तपासणीबद्दल थोडे. बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, ऑडी अप्रूव्ह्ड प्लस या कंपन्यांच्याच दुकानांत गाडी महाग मिळते, पण हमी मिळते. पहिल्यांदा घेणाऱ्याने तो जादा पैसा द्यावा, असे मी म्हणेन. बाहेर घेत असाल तर मीटरवर विश्वास ठेवू नका. अधिकृत केंद्रातला सर्व्हिसचा इतिहास मागा. किलोमीटरची नोंद मीटरखेरीज गाडीतल्या इतर युनिटांतही असते, आणि अनेक बीएमडब्ल्यूंच्या तर चावीतसुद्धा. स्कॅनर लावला की तफावत दिसते. पुरात बुडालेली गाडी ओळखायची असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि गढूळ पाण्याची रेघ दिसते का पाहा. सीटखालच्या रुळांतला चिखल आणि बोल्टवरचा गंज सहसा कोणी साफ करत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर कोल्हापूर, सांगली, चिपळूण भागातल्या किती गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारांत गेल्या असतील, याची कल्पना करून पाहा. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त दिसते, कारण २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गंडांतर आले. तिला इथे आणायचे तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रस्ता कर आणि नवा नंबर एवढे सगळे लागते. हा खर्च किमतीत मिळवूनच ती स्वस्त आहे का ते ठरवा. गाडीचे वयही नोंदणीच्या तारखेवरून मोजा. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादकरांनी एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या आणि देशभर बातमी झाली. त्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी २०२५ मध्ये संपली. अशा वयाची गाडी स्वस्तात मिळाली तरी फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर तिच्या मागे लागलेले असतात.

कागदपत्रांत आळस करू नये. बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आरसीवर हवी. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचे अधिकारपत्र हवे. ई-चलनाची थकबाकी ऑनलाइन दिसते, ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. तीस दिवसांत आरटीओकडे गाडी नावावर करायचा अर्ज द्या आणि चौदा दिवसांत विमा नावावर करायला टाका. थर्ड पार्टी विमा कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा येत नाही. मधल्या दिवसांत गाडी ठोकली गेली तर अख्खे बिल तुमचे.

आणि शेवटी, इसार देण्याआधी गाडी त्या ब्रँडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्या, पैसे भरून तपासणी करून घ्या आणि निघालेल्या प्रत्येक कामाचे इस्टिमेट लेखी मागा. ते इस्टिमेट वाचूनही गाडी हवीशी वाटली तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून सौदा करा. विकणारा गाडी तिथे न्यायलाच तयार नसेल, तर ती गाडी सोडून द्या. बाजारात दुसरी मिळेल.